क्रिएटिनिन नॉर्मल आलं तरी एसीआर करा: इन्सुलिन घेणाऱ्यांनी किडनी कशी जपायची

रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा, किडनीने गाळून काढायचा टाकाऊ पदार्थ) १.१ आहे, पुढे आकडा बिघडल्याची चांदणी नाही, म्हणून घरच्यांना वाटतं की किडनी ठणठणीत आहे. इन्सुलिनवर असलेल्या माणसाच्या बाबतीत हा दिलासा बऱ्याचदा खोटा असतो. मधुमेहात किडनी बिघडायला लागते तेव्हा पहिली खूण लघवीत दिसते, रक्तात नाही. रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत गाळण्याची जवळपास निम्मी ताकद गेलेली असू शकते. पायावर सूज, लघवीला न बसणारा फेस, भूक मरणं ही लक्षणं तर त्याहूनही उशिरा येतात. बिघाड लवकर पकडणारी तपासणी साधी आहे, पण ती मागून घ्यावी लागते. तिचं नाव एसीआर, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर.

हा लेख मुख्यतः टाइप १ मधुमेहासाठी आहे, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही आणि जे पहिल्या दिवसापासून इंजेक्शनवर असतात. टाइप २ मधुमेहात पुढे इन्सुलिन सुरू झालेल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

आत नेमकं काय बिघडतं

दोन्ही किडन्यांत मिळून साधारण २० लाख बारीक गाळण्या असतात. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या गाळण्यांवरचा दाब वाढतो. सुरुवातीला त्या जास्तच काम करतात, त्यामुळे रिपोर्ट उलट छान दिसतो. मग जाळी सैल होते आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन थोडं थोडं लघवीत झिरपू लागतं. हा टप्पा वर्षानुवर्षं चालू शकतो आणि त्यात माणसाला काहीच जाणवत नाही. त्यानंतर गाळण्या कडक होऊन बंद पडू लागतात.

टाइप १ मधुमेह असलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला आयुष्यात कधीतरी किडनीचा त्रास होतो. बहुतेकांना तो मधुमेह झाल्यापासून १० ते २० वर्षांच्या काळात सुरू होतो. नवव्या-दहाव्या वर्षी इन्सुलिन सुरू झालेलं मूल कॉलेज संपवून नोकरीला किंवा शेतीला लागतं, नेमक्या त्याच काळात. त्या वयात डॉक्टरकडे जाणं कमी होतं, म्हणून घरच्यांनी याच वर्षांत जास्त जागं राहावं.

लघवीत अल्ब्युमिन आलं म्हणजे आता डायलिसिसच, असं मुळीच नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, थोडं अल्ब्युमिन जाऊ लागलेल्या टाइप १ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं प्रमाण सहा वर्षांत पुन्हा खाली आलं होतं. मात्र त्यासाठी ते वेळेत सापडायला हवं.

कधी सुरू करायचं

टाइप १ असेल तर निदानाला ५ वर्षं झाली की दरवर्षी एसीआर आणि क्रिएटिनिन. मुलांत वयाचं ११ वं वर्ष किंवा वयात येण्याची सुरुवात झाली आणि मधुमेहाला दोन ते पाच वर्षं झाली की. टाइप २ मध्ये मधुमेह कधी सुरू झाला हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं, म्हणून तिथे निदानाच्या दिवशीच पहिली तपासणी. तारीख लक्षात राहावी म्हणून ती सणाला बांधून टाका. अक्षय्य तृतीया झाली की लगेच, किंवा पोळा झाला की. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, माहेरी आलेल्या मुलीची तपासणी त्याच आठवड्यात उरकता येते.

लघवीचा नमुना नीट कसा द्यायचा

लॅबमध्ये जाऊन नुसती ‘लघवी तपासायची आहे’ म्हटलं की बहुधा पट्टी बुडवून पाहणारी साधी तपासणी होते. त्या पट्टीला सुरुवातीचं अल्ब्युमिन दिसत नाही, त्यामुळे ‘प्रोटीन: निल’ हे उत्तर आपल्या कामाचं नाही. चिठ्ठीवर ‘युरीन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो’ असं लिहून घ्या. काही लॅब याला मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात. तसं असेल तर सोबत लघवीचं क्रिएटिनिनही मोजणार ना, हे आधी विचारून घ्या.

१. नमुना सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीचा घ्या. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या तरुणांत दुपारच्या लघवीत थोडं अल्ब्युमिन उगाचच येऊ शकतं, सकाळच्या पहिल्या लघवीत ते येत नाही.

२. आदल्या दिवशी अंगमेहनतीचं जड काम नको. केळीचे घड वाहणं, कापसाच्या गाठोड्या उचलणं, जोराचा व्यायाम, यांनी २४ तासांपर्यंत आकडा वाढलेला राहतो.

३. ताप, लघवीला जळजळ, पाळीचे दिवस, शुगर फारच चढलेली किंवा बीपी खूप वाढलेलं असेल तर आठ-पंधरा दिवस थांबा.

४. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार लॅबच्या डबीत घ्या. घरची औषधाची रिकामी बाटली नको.

५. डबी त्याच सकाळी पोचवा. धडगाव, अक्कलकुवा किंवा तोरणमाळकडून बसने यायचं असेल आणि उन्हाळा असेल तर डबी गार पिशवीत आणा. ते जमणार नसेल तर लॅबमध्ये पोचल्यावर दिलेला नमुनाही चालतो. तपासणी अजिबात न होण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

रिपोर्टमध्ये मिलिग्रॅम प्रति ग्रॅम असा आकडा येतो. ३० पेक्षा कमी ठीक. ३० ते ३०० म्हणजे झिरपणं सुरू झालंय. ३०० च्या वर म्हणजे नुकसान बरंच झालंय.

काही लॅब अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन वेगवेगळे देतात आणि गुणोत्तर काढत नाहीत. ते घरी काढता येतं. समजा अल्ब्युमिन ४८ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि लघवीतलं क्रिएटिनिन ८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. क्रिएटिनिनला १०० ने भागा, ०.८ ग्रॅम प्रति लिटर झालं. आता ४८ भागिले ०.८ म्हणजे ६०. नुसत्या ४८ या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण मे महिन्यात कमी पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी दाट असते आणि पावसाळ्यात पातळ. भागाकार केला की तो फरक निघून जातो.

एकाच रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका. आकडा वाढलेला आला तर तीन ते सहा महिन्यांत आणखी दोनदा करा. तीनपैकी दोन वेळा ३० च्या वर आलं तरच ते खरं धरायचं. यात लोक दोन्हीकडून चुकतात. काही जण पहिल्याच रिपोर्टला घाबरून सगळं खाणं सोडतात, तर काही जण दुसरी तपासणी करतच नाहीत.

क्रिएटिनिनच्या आकड्यातून ईजीएफआर

क्रिएटिनिन एकटं वाचू नये, त्यावरून ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज काढावा. २०२१ पासून यासाठी सीकेडी-ईपीआय हे सुधारित सूत्र वापरतात. मोबाइलवर त्याचे कॅल्क्युलेटर आहेत आणि त्यांना फक्त क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढंच लागतं.

फरक किती पडतो ते सुरुवातीच्या त्या १.१ वरच पाहू. ३० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर ईजीएफआर सुमारे ९३ येतो, म्हणजे उत्तम. ३० वर्षांच्या बाईचं तेच १.१ असेल तर सुमारे ६९. बाई ५५ वर्षांची असेल तर सुमारे ५९, म्हणजे आजाराच्या हद्दीत. तिन्ही रिपोर्टवर चांदणी मात्र नसण्याचीच शक्यता जास्त. बायकांच्या किडनीचा आजार उशिरा कळतो त्यामागे हेही एक कारण आहे, आणि ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

९० च्या वर चांगलं. ६० ते ८९ असेल आणि एसीआर स्वच्छ असेल तर फक्त लक्ष ठेवायचं. ६० च्या खाली सलग तीन महिने राहिलं तर किडनीचा दीर्घ आजार. ३० च्या खाली गंभीर, १५ च्या खाली किडनी निकामी होण्याचा टप्पा. हडकुळ्या माणसांत स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिन कमीच येतं आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली भासते. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन सी ही तपासणी सांगू शकतात.

एक वही करा. तारीख, एसीआर, क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, बीपी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी), असे सात रकाने. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा चार वर्षांचा उतार जास्त सांगतो. ईजीएफआर वर्षाला ५ पेक्षा जास्त घसरत असेल तर आकडा अजून ७० असला तरी किडनीतज्ज्ञांना दाखवायचं.

लघवीतून जाणारं प्रत्येक अल्ब्युमिन मधुमेहामुळेच असतं असंही नाही. टाइप १ ला पाच वर्षंही झाली नसताना एसीआर एकदम वाढला, डोळ्याचा पडदा (मधुमेहाने किडनीसोबत सहसा तोही बिघडतो) पूर्ण स्वच्छ आहे, लघवीत रक्त येतंय किंवा काही आठवड्यांतच सूज आली, तर कारण दुसरं असू शकतं आणि बायोप्सीचा, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विचार करावा लागतो. म्हणून पडद्याची तपासणी आणि एसीआर एकाच महिन्यात करा. दोन्हीचे रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले की बरंच कळतं.

शुगर: आधी इन्सुलिन खरंच पोचतंय का ते पाहा

१९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात टाइप १ च्या १,४४१ जणांवर एक मोठी चाचणी झाली. ज्यांची एचबीए१सी सातच्या आसपास ठेवली, त्यांच्यात लघवीत अल्ब्युमिन येण्याचा धोका सुमारे ९ असणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी होता, आणि ते मोठ्या प्रमाणात जाण्याचा धोका ५४ टक्क्यांनी. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची शुगर जवळपास सारखीच झाली. तरीही पुढे कित्येक वर्षांनी पहिल्या गटात किडनी मंदावण्याचं प्रमाण निम्मंच निघालं. सुरुवातीच्या वर्षांतली चांगली शुगर शरीर विसरत नाही. बहुतेक प्रौढांसाठी सातच्या खाली हे लक्ष्य ठीक असतं. ज्याची शुगर वारंवार घसरते त्याच्यासाठी डॉक्टर ते थोडं सैल करतात.

शुगर आटोक्यात येत नसेल तर डोस वाढवण्याआधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, सिरिंज. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीच पट जातो आणि शुगर जिवावर बेतेल इतकी खाली येऊ शकते. उलट झालं तर डोस ४० टक्केच पोचतो आणि महिनोन्महिने शुगर चढलेली राहते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे दुकानातच पाहा.

दुसरी, पोटावरच्या गाठी. रोज एकाच जागी सुई टोचली की तिथली चरबी जाड, रबरासारखी होते. तिथे दुखत नाही म्हणून मुलं तिथेच टोचतात, पण तिथून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं तर कधी एकदम. आंघोळीला साबण लावताना बोटं फिरवून गाठ शोधा, ती जागा काही महिने सोडा आणि प्रत्येक इंजेक्शन आधीच्या जागेपासून किमान बोटभर दूर घ्या. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासा.

तिसरी, ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि वीज गेली की फ्रिजचाही भरवसा नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं. ते गोठता कामा नये, म्हणून बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. उघडलेली बाटली किंवा पेन साधारण ४ आठवडे बाहेर चालतं, पण २५-३० अंशांच्या आतच. पत्र्याच्या घरात ते शक्य नाही. फ्रिज नसेल तर एक मोठं मडकं घ्या, तळाशी वाळू टाका, आत लहान मडकं ठेवा आणि दोन्हींमधली जागा वाळूने भरा. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करा. इन्सुलिन प्लास्टिकच्या घट्ट डबीत घालून आतल्या कोरड्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं टाका आणि सगळं सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. खान्देशातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगलं गार राहतं. पावसाळ्याच्या दमट हवेत तेवढं नाही. पारदर्शक असायला हवं ते इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा दुधाळ इन्सुलिनमध्ये हलवूनही न विरघळणारे कण दिसले, तर ती बाटली वापरू नका. गाडीच्या डिकीत विसरलेली बाटलीही नको.

नंदुरबार आणि धुळ्याच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यासाठी एक खास सूचना. इथे भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण बरंच आहे. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खोटी कमी येते. ग्लुकोमीटर २५० दाखवतोय आणि एचबीए१सी ६ आलीय, असं झालं तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. अशा रुग्णाने ग्लुकोमीटरच्या नोंदी किंवा फ्रुक्टोसामाइन (गेल्या दोन-तीन आठवड्यांची शुगर सांगणारी रक्ततपासणी) यावर चालावं. सिकलसेल स्वतःही किडनीला इजा करतो आणि लघवीत अल्ब्युमिन आणतो, म्हणून दोन्ही आजार असतील तर एसीआर चुकवूच नका.

बीपी आणि त्या एका गटाच्या गोळ्या

लक्ष्य १३० / ८० च्या खाली. घरी दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा. दंड छातीच्या उंचीला हवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. तंबाखू तर कायमचीच सुटली पाहिजे, कारण ती किडनीच्या रक्तवाहिन्या आवळते.

एसीआर वाढलेला ठरला की रामिप्रिल, एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन यांपैकी एक गोळी सुरू करतात. या गोळ्या बीपी तर उतरवतातच, शिवाय गाळणीच्या आतला दाब वेगळा कमी करतात. १९९३ मध्ये याच गटातल्या कॅप्टोप्रिलच्या चाचणीत, टाइप १ च्या ज्या रुग्णांच्या लघवीत प्रथिनं जात होती त्यांच्यात मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा धोका निम्म्याने कमी झाला होता. ‘मला बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला’ म्हणून ती बंद करणारे खूप भेटतात. ती गोळी किडनीसाठी आहे. तिच्यासोबत काही गोष्टी पाळाव्या लागतात:

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी ते अपेक्षितच आहे, गोळी बंद करायची नाही. त्याहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर लगेच डॉक्टरकडे. कोरडा खोकला लागला तर रामिप्रिलऐवजी टेल्मिसार्टनसारखी गोळी देतात. दोन्ही प्रकार एकत्र घेऊ नयेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गरोदरपणात या गोळ्या बाळाला घातक आहेत. लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या मुलीला हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं, म्हणजे दिवस जाण्याआधीच गोळी बदलून घेता येते.

बीपी आणि एसीआर दोन्ही स्वच्छ असतील तर ‘आधीच घेऊन ठेवू’ म्हणून या गोळ्यांचा किडनीला फायदा नाही. २००९ मध्ये टाइप १ च्या अशा रुग्णांची बायोप्सी करून ते तपासलं गेलं आहे. युरिक ॲसिड कमी करणाऱ्या ॲलोप्युरिनॉल या गोळीनेही टाइप १ मध्ये किडनी वाचत नाही, असं २०२० मध्ये दिसलं.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या टाइप २ च्या किडनीला खरोखर चांगल्या आहेत. घरात काकांना टाइप २ आणि पुतणीला टाइप १ असेल तर काकांची गोळी पुतणीला देऊ नका. टाइप १ मध्ये या गोळ्यांनी शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ) साचून आम्ल वाढू शकतं. ग्लुकोमीटर १८० दाखवतो म्हणून सगळे निर्धास्त राहतात आणि रुग्ण बेशुद्धीच्या वाटेवर असतो.

ताटात काय बदलायचं

मिठापासून सुरुवात करा. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सपाट एक चमचा. मोजायची सोपी युक्ती अशी: चार माणसांच्या घराला दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरली पाहिजे. ती महिन्यातच संपत असेल तर मीठ जास्त जातंय. पापड, बिबडे आणि शेव यांतलं मीठ त्यात धरलेलं नाही. पापडखारही सोडियमच आहे, म्हणून पापडात सोडियम दोन वाटांनी येतं. शेवभाजीत शेवेतलं मीठ आणि रश्श्यातलं मीठ असं दुप्पट होतं. ती करायची असेल तर रस्सा अळणी ठेवा आणि शेव वाढताना वरून टाका. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी उत्तम, फक्त ठेचा आणि लोणचं बोटावर घेण्यापुरतं. सैंधव मीठही मीठच. बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. रामिप्रिल-टेल्मिसार्टन गटाच्या गोळ्या चालू असताना किंवा किडनी मंदावलेली असताना ते वापरू नका.

केळीचं काय, हा रावेर-यावलच्या घरात पहिला प्रश्न असतो. एका मध्यम केळात साधारण ३५० ते ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि २५ ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट असतं. पोटॅशियमचा रिपोर्ट ५ च्या आत असेल तर किडनीच्या नावाखाली केळी बंद करायचं कारण नाही. कार्बोहायड्रेट धरून इन्सुलिनचा हिशेब मात्र करा. पोटॅशियम वाढलेलं आलं तर आधी तपासणी पुन्हा करून घ्या. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला किंवा नमुना तासन्‌तास प्रवासात राहिला तर आकडा खोटा वाढतो. दुसऱ्यांदाही वाढलेलं आलं तर केळी, शहाळं, टोमॅटो, बटाटा कमी करा, आणि भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या. अशा रुग्णाची शुगर घसरली तर फळांचा रस न देता पाण्यात तीन चमचे साखर द्या, म्हणजे साधारण १५ ग्रॅम.

प्रथिनं वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅम. म्हणजे वरण, भाकरी, दूध, एखादं अंडं हे सगळं चालतं, डब्यातली प्रोटीन पावडर नाही. लहान मुलांची प्रथिनं कापू नका, त्यांची वाढ खुंटते.

दुखण्याची गोळी

शेतात कंबर धरली की दुकानातून गोळी येते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात. त्यासोबत रामिप्रिल-टेल्मिसार्टन गटाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि अंगात पाणी कमी असेल, तर दोन-तीन दिवसांतही किडनी बसू शकते. पाकिटावर पॅरासिटामॉल लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण अनेक गोळ्यांत ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात. मागचा बारीक मजकूर वाचा, किंवा दुकानदाराला ‘फक्त पॅरासिटामॉल’ म्हणून मागा. इंजेक्शन घेतानाही आपण कशावर आहोत ते आधी सांगा. जेंटामायसिन, ॲमिकासिन ही प्रतिजैविकं आणि सीटी स्कॅनचा डाय यांच्या वेळीही तेच. घटक न लिहिलेल्या पुड्या आणि भस्मं टाळा, त्यांत शिसं किंवा पारा असू शकतो.

उलटी, जुलाब आणि मे महिना

पोट बिघडलं की जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन बंद केलं जातं. ही सर्वात घातक चूक आहे. टाइप १ मध्ये लांब टिकणारं इन्सुलिन उपाशी असतानाही चालू ठेवावं लागतं, नाहीतर कीटोन वाढतात. शुगर दर दोन ते चार तासांनी तपासा. शक्य असेल तर कीटोनची पट्टीही वापरा. ओआरएसच्या एक लिटरच्या पाकिटात साखर फक्त साडेतेरा ग्रॅम असते, त्यामुळे ते घोट घोट द्यायला घाबरू नका.

बंद करायची ती वेगळी: रामिप्रिल-टेल्मिसार्टन गटाची आणि लघवी वाढवणारी गोळी, जुलाब-उलट्या थांबेपर्यंत. खाणंपिणं पूर्ववत झाल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा सुरू. हे आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे रात्री अकराला विचारायची वेळ येत नाही. उलटी थांबत नसेल, श्वास जोरात चालत असेल, गुंगी येत असेल किंवा लघवी आठ तास झाली नसेल तर घरी थांबू नका.

एरवी पाणी एवढंच प्या की लघवी फिकट पिवळी राहील. पाच-सहा लिटर पाणी पिऊन किडनी ‘धुतली’ जात नाही.

इन्सुलिन अचानक कमी लागायला लागलं तर

इन्सुलिन निकामी करून शरीराबाहेर काढण्याचं बरंचसं काम किडनीच करते. ती मंदावली की टोचलेलं इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहतं. आहार-व्यायाम काहीच बदललेला नसताना शुगर छान येऊ लागते, डोस कमी करावा लागतो, पहाटे घाम फुटून जाग येते. घरात आनंद होतो की मधुमेह बरा होतोय. प्रत्यक्षात ही किडनीची सूचना असू शकते. त्याच आठवड्यात क्रिएटिनिन आणि एसीआर करा. डोस साधारण पाव हिश्शाने आणि शेवटच्या टप्प्यात निम्म्यापर्यंत कमी करावा लागतो, पण तो ग्लुकोमीटरच्या नोंदी दाखवून डॉक्टरांकडूनच ठरवा. या टप्प्यावर रक्त कमी झालेलं असतं, त्यामुळे एचबीए१सीवरही विसंबता येत नाही.

ईजीएफआर ३० च्या खाली, एसीआर सतत ३०० च्या वर किंवा पोटॅशियम आवरत नसेल तर किडनीतज्ज्ञ हवेतच. तिथून पुढे ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरा राखून ठेवा. त्या हातात सलाईन नको, रक्त काढायचं असेल तर दुसऱ्या हाताच्या पंजावरून. पुढे डायलिसिससाठी फिस्टुला (शीर आणि धमनी जोडून केलेली वाट) त्याच शिरांतून करतात आणि ती तयार व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. हिपॅटायटिस बी ची लसही याच काळात पूर्ण करा, नंतर ती नीट लागू पडत नाही.

डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथे जा, आणि त्या रुग्णालयात आठवड्याला किती पाळ्या मिळतील हे पहिल्याच दिवशी विचारा. प्रत्यारोपणाची चौकशी डायलिसिस सुरू होईपर्यंत लांबवू नका. ईजीएफआर २० च्या आसपास आला की घरातल्यांचे रक्तगट आणि तपासण्या सुरू करता येतात. टाइप १ च्या निवडक रुग्णांत किडनीसोबत स्वादुपिंडाचंही प्रत्यारोपण होतं. ते आपल्याला लागू आहे का, हे त्याच भेटीत विचारून घ्या.